आंबटपणाचा हिशेब : भेंडीच्या घरगुती साठवणीची प्रस्तावना

मराठी घरातील साठवणीचे शास्त्र मुख्यतः उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत घडले. चैत्र-वैशाखात कैरी, पुढे लिंबू आणि करवंद, त्याच सुमारास पापड, कुरडया, सांडगी मिरची आणि वाळवलेली गवार अशी कामांची रांग लागत असे, आणि मृगाच्या पहिल्या सरीपूर्वी बरण्यांची तोंडे फडक्याने बांधून झाली नाहीत तर वर्षभराची तजवीज बिघडली असे समजले जाई. या रांगेत भेंडीला जवळजवळ स्थान नव्हते. काही भागांत तिच्या चकत्या वाळवून ठेवण्याची रीत आहे, पण कैरीला किंवा लिंबाला मिळालेला लोणच्याचा मान तिला मिळाला नाही. ही भाजी बहुतेक वर्षभर बाजारात मिळते, आणि जे रोज मिळते ते साठवण्याचा खटाटोप कोणी करत नाही. भरली भेंडी, ताकातली भेंडी, आमसूल घातलेली भेंडी, ऋषिपंचमीच्या मिश्र भाजीतली भेंडी या साऱ्या ताज्या भाजीच्याच तऱ्हा आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींत आंबट पदार्थ घालण्यामागे चवीइतकाच बुळबुळीतपणा कमी करण्याचा हेतू असतो.

साठवणीचा हा विचार कांजूरमार्गसारख्या उपनगराच्या संदर्भात मांडणे काहींना विचित्र वाटेल, कारण विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधल्या या वस्तीत भेंडीचे शेत कोणी पाहिलेले नसते. परंतु घरगुती साठवण आज कोणत्या परिस्थितीत करावी लागते हे समजून घेण्यास याहून योग्य जागा मिळणे अवघड आहे. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे आले, चाळींच्या जागी पुनर्वसनाच्या इमारती आल्या, आणि वाळवणासाठी लागणारे अंगण तर गेलेच, पण त्याची जागा घेणारी सामाईक गच्चीही बहुतेक ठिकाणी कुलूपबंद झाली. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईची हवा इतकी दमट असते की उघड्यावर काहीही वाळत नाही, आणि नेमक्या याच काळात ठाणे-पालघरकडची जाड, लांब, फिकट हिरवी गावठी भेंडी बाजारात उतरते. म्हणजे माल आहे तेव्हा ऊन नाही, आणि ऊन आहे तेव्हा मोकळी जागा नाही. वाळवणाचा मार्ग असा दोन्हीकडून बंद झाल्यावर उरतात ते खार, आंबट द्रव आणि उष्णता हे तीन मार्ग, आणि त्यांचीच चर्चा या पुस्तकाचा विषय आहे.

साठवणीच्या दोन मुख्य द्रव्यांशी या परिसराचा जुना संबंध आहे, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. त्यांतले पहिले मीठ. ठाणे खाडीच्या पश्चिम काठाने कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड अशी मिठागरांची पट्टी पसरलेली आहे. भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ खणांत घ्यायचे, उन्हाने ते आटवत एका खणातून दुसऱ्या खणात न्यायचे आणि शेवटच्या खणात स्फटिक धरले की ओढून ढीग लावायचे, ही पद्धत पावसाळा सरल्यावर सुरू होऊन पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालते. आगरी समाजाचे तर नावच आगराशी, म्हणजे मिठागराशी, जोडले जाते. अलीकडच्या वाचकाला कांजूरची ही खाजणजमीन आठवते ती २०२० साली मेट्रोच्या कारशेडसाठी ती निवडली गेली आणि तिच्या मालकीचा राज्य व केंद्र यांच्यातला वाद उच्च न्यायालयात गेला म्हणून. तिथे पिकणाऱ्या मिठाची चर्चा त्या गदारोळात कोणी केली नाही. खाडीच्या पाण्यातून थेट काढलेल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. त्यांच्यामुळे ते मीठ हवेतली ओल धरते आणि किंचित कडवट लागते, म्हणून लोणच्यासाठी धुऊन स्वच्छ केलेले जाडे मीठच घ्यावे. दुकानात मिळणारे बारीक आयोडीनयुक्त मीठ लोणच्याला अपायकारक नाही, पण ते मोकळे राहावे म्हणून त्यात मिसळलेल्या द्रव्यांमुळे काचेच्या बरणीतला द्रव गढूळ दिसतो.

दुसरे द्रव्य म्हणजे व्हिनेगर, अर्थात शिरका : मद्यार्कावर जिवाणूंची क्रिया होऊन तयार होणारा, ॲसेटिक आम्ल असलेला आंबट द्रव. ब्राह्मणी किंवा मराठा घरांतील लोणच्यांत तो क्वचितच सापडतो, पण साष्टीच्या जुन्या गावठाणांत वसलेल्या ईस्ट इंडियन समाजात, म्हणजे पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्या आणि १८८७ साली हे नाव स्वीकारलेल्या मराठीभाषक समाजात, मांसाला आणि लोणच्याला व्हिनेगर लावण्याची परंपरा दृढ आहे. मुंबईच्या मराठी लोणच्याचा इतिहास लिहिताना ही शाखा सहसा वगळली जाते, आणि ते योग्य नाही. भेंडीच्या बाबतीत तर मार्गदर्शक परंपरा म्हणून कैरीच्या लोणच्यापेक्षा तीच अधिक उपयोगी ठरते.

तसे का, हे समजण्यासाठी सामू ही संकल्पना आधी स्पष्ट केली पाहिजे. एखादा पदार्थ किती आंबट आहे हे दाखवणाऱ्या मापनश्रेणीला सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, आणि आंबटपणा वाढतो तसा हा आकडा उतरतो. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २ ते २.५ इतका असतो, आणि कच्ची कैरीही त्याच बाजूला, ४ च्या बरीच खाली राहते. भेंडीचा सामू मात्र ६ च्या आसपास असतो. साठवणीच्या शास्त्रात ४.६ ही रेषा निर्णायक मानली जाते, कारण क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहणारी त्याची कवचबंद रूपे, या रेषेच्या खाली रुजत नाहीत. रेषेच्या वर, हवा नसलेल्या आणि ओलसर जागी ते रुजतात आणि मज्जासंस्था लुळी करणारे अत्यंत जहाल विष निर्माण करतात. हे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास टिकतात. त्यांचा नाश करण्यासाठी १२१ अंश सेल्सिअसच्या आसपासची, दाबाखालच्या वाफेचीच उष्णता लागते. त्यांनी तयार केलेले विष मात्र उकळण्याने निकामी होते. हे विष असलेल्या अन्नाचा वास, रंग व चव नेहमीसारखीच राहू शकते, म्हणून चाखून पाहणे ही लोणच्याची आपली जुनी कसोटी येथे चालत नाही.

कैरी आणि लिंबू स्वतःचे संरक्षण स्वतःच करतात. त्यांत मीठ भरपूर, मोहरी, हिंग आणि वर तरंगणारे तेल अशी जोड मिळाली की अंदाजपंचे घातलेल्या मसाल्यानेही लोणचे वर्षभर टिकते, आणि म्हणून मराठी लोणच्याची सारी विद्या हाताच्या अंदाजावर उभी राहू शकली. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० सालच्या ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’पासून कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’पर्यंत पाककृतींना मापांची शिस्त लागत गेली, ‘रुचिरा’ने तर वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर रुजवले, परंतु वाटी हे आकारमानाचे माप आहे, आणि जाडे मीठ व बारीक मीठ एकाच वाटीत वेगवेगळ्या वजनाचे भरते. कैरीच्या फोडींना या फरकाने काही बिघडत नाही. भेंडीला स्वतःचा आंबटपणा नसल्यामुळे तिच्या बरणीतले सारे संरक्षण बाहेरून घातलेल्या द्रव्यावर अवलंबून असते, आणि ते द्रव्य मोजूनच घालावे लागते. गाजर-फ्लॉवरचे हिवाळी लोणचे किंवा लिंबाच्या रसातली मिरची घालणाऱ्या गृहिणींना ही गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. त्या अशा लोणच्यात लिंबू सढळ हाताने पिळत आणि असे लोणचे थोडेच घालून लवकर संपवत.

हवाबंद साठवणीचा, म्हणजे ज्याला कॅनिंग म्हणतात त्याचा, इतिहास येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. निकोलस ॲपर्ट या फ्रेंच हलवायाने अन्न काचेच्या बाटलीत बंद करून उकळण्याची पद्धत सिद्ध केली आणि १८१० साली फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. ती पद्धत का चालते हे लुई पाश्चरच्या कामानंतर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकाने कळले. जॉन मेसन याने १८५८ साली आट्याच्या झाकणाच्या बरणीचे एकस्व घेतल्यावर ही विद्या अमेरिकी स्वयंपाकघरात शिरली. बोट्युलिनमचा शोध त्यानंतरचा. १८९५ साली बेल्जियममध्ये एका अंत्यविधीनंतरच्या जेवणात खारवलेले डुकराचे मांस खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम याने तो जिवाणू वेगळा काढला. भारतात असा विकार विरळा असला तरी अपरिचित नाही. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थ्यांना झालेली बाधा त्याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूमुळे झाल्याचे मानले गेले, आणि तेथे संशय शेवेसारख्या साध्या पदार्थावर होता.

भेंडी बाटलीत भरण्याची सर्वांत विकसित परंपरा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ही भाजी तिकडे रुजली, आणि टेक्सास किंवा जॉर्जियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या दुकानात शेपू आणि लसूण घातलेली आख्खी आंबट भेंडी प्रथम दिसते तेव्हा त्यांचे आश्चर्य समजण्यासारखे असते. अमेरिकेच्या कृषी खात्याची या लोणच्याची तपासलेली कृती आहे. तिच्यात साधारण ३.२ किलो कोवळ्या भेंडीला ५ टक्के आम्लाचे व्हिनेगर सुमारे १.४ लिटर, तेवढेच पाणी आणि सुमारे १९० ग्रॅम मीठ लागते. हे मिश्रण उकळून भेंडी भरलेल्या गरम बरण्यांत ओतायचे, वर अर्धा इंच जागा मोकळी सोडायची, झाकण लावायचे आणि अर्ध्या लिटरच्या बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटे ठेवायच्या. हा काळ समुद्रसपाटीजवळचा आहे आणि कांजूरमार्गला तो जसाच्या तसा लागू पडतो. पुण्यात मात्र, सुमारे ५६० मीटर उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळत असल्यामुळे, त्याच बरण्यांना १५ मिनिटे द्यावी लागतात. महाबळेश्वरलाही तेच प्रमाण.

या कृतीचा मराठी अनुवाद करून कोणी ती तंतोतंत पाळली तरी एक चूक हमखास होते, आणि तिचे कारण व्हिनेगरच्या बाटलीवरील लेबलात आहे. अमेरिकेत घरगुती साठवणीसाठी ५ टक्क्यांचे व्हिनेगर गृहीत धरलेले असते. भारतीय अन्न मानकांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के आम्ल असले की पुरते, आणि वाण्याकडची पांढरी बाटली बहुधा ४ टक्क्यांच्या आसपासची असते. अशा व्हिनेगरमध्ये समभाग पाणी घातले तर मिश्रणात २.५ टक्के आम्ल राहण्याऐवजी २ टक्केच राहते. तेवढ्याने ४.६ ची रेषा लगेच ओलांडली जाते असे नाही, पण सुरक्षिततेसाठी राखून ठेवलेले अंतर कमी होते, आणि भेंडी थोडी जास्त ठासून भरली किंवा बरणीत भाजीचे ओले पाणी राहिले तर ते आणखी घटते. हिशेब साधा आहे : ४ टक्क्यांचे व्हिनेगर असेल तर ५ भाग व्हिनेगरला ३ भाग पाणी, आणि ३.७५ टक्क्यांचे असेल तर २ भाग व्हिनेगरला १ भाग पाणी. लेबलावर टक्केवारी छापलेली नसेल तर ती बाटली सॅलडवर शिंपडायला किंवा चायनीज गाडीवरच्या मिरच्यांसाठी ठीक, साठवणीला नाही. मिठाचे काम या कृतीत चवीपुरते आणि किंचित पोत राखण्यापुरतेच आहे, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णासाठी ते थोडे कमी केले तरी चालते, परंतु ‘फार आंबट होईल’ म्हणून व्हिनेगर कमी करणे सर्वथा वर्ज्य. आंबटपणा बोचतच असेल तर साखर घालावी.

भाजीची निवड हा दुसरा महत्त्वाचा भाग. मंडईत भेंडीची शेपटी मोडून पाहण्याची सवय भाजीवाल्याला कितीही खटकत असली तरी कसोटी म्हणून ती निर्दोष आहे : टोक कट्‌कन मोडले तर भेंडी कोवळी, वाकून दोऱ्यावर लोंबले तर ती जून. बरणीसाठी बोटाएवढी, दोन-अडीच इंचांची, दोन दिवसांच्या आत तोडलेली भेंडी हवी. पावसाळी गावठी भेंडी चवीला श्रेष्ठ असली तरी लांबीमुळे ती आख्खी भरता येत नाही, आणि चकत्या केल्या तर द्रवाची पेज होते. देठाकडची टोपी कापताना सुरी आतल्या पोकळीपर्यंत जाऊ देऊ नये. बियांच्या कप्प्यात असलेला बुळबुळीत स्राव पाण्यात विरघळणाऱ्या बहुशर्करांचा, म्हणजे साखरेचे अनेक रेणू एकत्र जोडून बनलेल्या पदार्थांचा असतो. कप्पा बंद राहिला तर तो बाहेर येत नाही, आणि आम्लात तसाही त्याची तार तुटते. टोपीच्या कडेला केवळ एक पातळ फिकट चकती निघावी, आतले पांढरे बी दिसू नये, इतक्या बेताने सुरी चालली पाहिजे. भरताना एक भेंडी टोक खाली आणि दुसरी टोक वर अशी आलटून पालटून उभी लावली की कमी जागेत जास्त बसतात आणि द्रवावर तरंगून वर येत नाहीत.

जातींविषयी येथे एवढेच सांगता येईल की आजची बाजारातली सडपातळ, पाचधारी, गडद हिरवी भेंडी ही एका रोगाशी झालेल्या झुंजीतून आलेली आहे. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा आणि पानांच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग १९२४ साली मुंबई इलाख्यातूनच प्रथम नोंदवला गेला. त्याला तोंड देण्यासाठी ज्या जाती विकसित झाल्या त्यांत दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची पुसा सावनी आणि पुढे १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी भेंडीशी संकर करून काढलेली परभणी क्रांती या महत्त्वाच्या ठरल्या. साठवणीच्या दृष्टीने या जातींचा एकसारखा आकार हा अनपेक्षित लाभ आहे.

तेलातल्या, मोहरीच्या डाळीच्या आणि फोडणीच्या लोणच्याचा मोह मराठी वाचकाला आवरणे कठीण, आणि त्या चवीची भेंडी उत्तम लागते हेही खरे. परंतु तेल हवा अडवते आणि बोट्युलिनमला हवा नसलेलीच जागा हवी असते, म्हणजे आंबट नसलेल्या भाजीवर तेलाचा थर हे संरक्षण नसून निमंत्रण ठरू शकते. कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणाने अनेकांना बाधा झाली ती याच कारणाने. म्हणून फोडणीचे भेंडीचे लोणचे करायचे झाल्यास भेंडी आधी व्हिनेगरच्या द्रवात किंवा भरपूर लिंबाच्या रसात मुरवून घ्यावी, मसाला आणि थंड केलेली फोडणी नंतर घालावी, बरणी फ्रिजमध्येच ठेवावी आणि आठ-दहा दिवसांत संपवावी. वर्षभराचे लोणचे म्हणून ते कपाटात ठेवण्याचा विचार या पुस्तकात कोठेही मांडलेला नाही.

आंबट न करता, नुसत्या मिठाच्या पाण्यात भेंडी बाटलीबंद करण्याची पद्धतही अस्तित्वात आहे, पण ती दाबाखालीच करावी लागते. अमेरिकी प्रमाणानुसार दोन मिनिटे उकळून घेतलेल्या भेंडीच्या अर्ध्या लिटरच्या बरण्यांना दाबमापक असलेल्या खास भांड्यात २५ मिनिटे आणि एक लिटरच्या बरण्यांना ४० मिनिटे लागतात. आपला घरचा कुकर या कृतीला लागणाऱ्या दाबाहून अधिक दाब धरतो, मग तो का चालू नये, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उठतो. उत्तर असे की कुकरच्या शिट्ट्या दाब सुटल्याचे सांगतात, तो किती आणि किती वेळ टिकला हे सांगत नाहीत. शिवाय लहान कुकर लवकर तापतो आणि लवकर निवतो, तर वरील मिनिटे ही मोठ्या भांड्याला तापायला आणि निवायला लागणारा वेळ जमेस धरून ठरवलेली असतात. पाच शिट्ट्यांची भेंडी बाटलीत भरून ठेवणे हा प्रयोग करू नये. मोठा शीतकप्पा असलेल्या घरात याच भाजीला किमान तीन मिनिटे उकळत्या पाण्यात बुडवून, थंड पाण्यात निववून, कोरडी करून गोठवणे अधिक सोपे आहे, आणि आमटीसाठी तशी भेंडी उत्तम चालते.

शेवटचा मार्ग आंबवण्याचा. भाजी मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू तिच्यातल्या साखरेचे आम्ल करतात आणि बरणी आतूनच आंबट होत जाते. थंड हवेत ही क्रिया दोन-तीन आठवडे शांतपणे चालते. मुंबईच्या तीस अंशांच्या उष्म्यात ती काही दिवसांतच उरकते, भेंडी मऊ पडते आणि द्रवावर यीस्टची पांढरी साय धरते. मिठाचे प्रमाण वजनाने ५ टक्क्यांच्या आसपास ठेवणे, भेंडी द्रवाच्या वर येऊ न देणे आणि हवी तेवढी आंबट होताच बरणी फ्रिजमध्ये हलवणे हे तीन नियम या हवामानात सोडता येत नाहीत. व्हिनेगरऐवजी कोकमाचे आगळ वापरता येईल का, ही कोकणी वाचकाची शंका याच संदर्भात येते, आणि चवीच्या अंगाने तिचे समर्थनच केले पाहिजे, कारण भेंडी आणि आमसूल यांची जोडी जुनी आहे. आगळ पुरेसे आंबट असते. अडचण अशी की प्रत्येक घरच्या आगळाचा आंबटपणा फळाच्या पक्वतेप्रमाणे आणि मिठाप्रमाणे बदलतो, आणि त्यावर टक्केवारीचे लेबल नसते. म्हणून आगळातली भेंडी या पुस्तकात फ्रिजमधल्या आणि आठवडाभरात खाण्याच्या पदार्थांबरोबर ठेवली आहे, कपाटातल्या बरण्यांबरोबर नाही.